वही आधी, गिटार नंतर

(आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेवरचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. लंडनच्या पोरांनी १९६९ साली काढलेला गाण्यांचा एक अल्बम, आणि त्यावर व्याख्यान मोहाडी तालुक्यात! शंका रास्त आहे. पण स्मृतीच्या नावानं चालणाऱ्या मालेत स्मरणाविषयीच बोलावं, असं मला वाटलं. विसरत चाललेली गाणी एका देशाला पुन्हा कशी आठवली, त्याची ही हकिगत आहे. ती इथं सांगण्याचं कारण असं, की तुमच्या घराघरांत अजून गाणी आहेत आणि ती ज्यांना येतात त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

अल्बमचं नाव 'लीज अँड लीफ'. गटाचं नाव 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'. उत्तर लंडनमध्ये मझवेल हिल नावाची वस्ती आहे. तिथं सायमन निकोल या मुलाच्या घराचं नाव होतं 'फेअरपोर्ट'. त्या घरात तालमी चालायच्या, म्हणून १९६७ साली गटाला तेच नाव पडलं. मुलं हुशार होती, पण गायची ती अमेरिकेची गाणी. तेव्हा सगळेच तसं करत. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रानं मुंबईच्या सिनेमातली गाणी म्हणावीत, तसंच ते.

मग १२ मे १९६९ उजाडला. बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून रात्री परत येताना एम-वन महामार्गावर गटाच्या गाडीला अपघात झाला. ड्रम्स वाजवणारा मार्टिन लँबल गेला. त्याचं वय होतं अवघं एकोणीस. गिटार वाजवणाऱ्या रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीही गेली. गाडीतले बाकीचे जखमी. गट मोडणार अशीच चिन्हं होती. उरलेल्यांनी विचार केला आणि ठरवलं, की वाजवायचं. पण मार्टिनबरोबर जे वाजवलं ते आता हातून व्हायचं नाही, काही नवं शोधायचं.

ते नवं त्यांना अतिशय जुन्यात सापडलं. त्याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे १९६८ साली आलेला 'द बँड' या गटाचा पहिला अल्बम. अमेरिकेच्या मातीतून उगवलेलं ते संगीत ऐकून या मुलांना वाटलं, की यांना यांची मुळं सापडली, मग आपली कुठं आहेत? दुसरं कारण घरातच होतं. गटाची गायिका सँडी डेनी लोकगीतांच्या मैफलींतून आलेली. तिच्या ओढीनं गटानं अपघाताआधीच 'अ सेलर्स लाइफ' हे जुनं खलाशी गीत अकरा मिनिटं वाजवून ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याला फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायला डेव्ह स्वारब्रिक नावाचा मुरलेला लोकवादक पाहुणा म्हणून आला होता. आता तो कायमचा गटात आला. ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स आला. हा मुलगा नाचाच्या बँडमध्ये वाजवणारा, लोकगीतांशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्या उन्हाळ्यात हँपशर परगण्यातल्या फार्ली चेंबरलेन या खेड्यात एक घर भाड्यानं घेऊन ही मंडळी राहिली. जखमा भरत होत्या आणि तालमी चालल्या होत्या. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी ही गाणी प्रथम लोकांपुढं मांडली, ऑक्टोबरमध्ये चेल्सी भागातल्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं आणि डिसेंबरमध्ये तबकडी बाजारात आली. निर्माता होता जो बॉइड हा अमेरिकन माणूस. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलननं विजेची गिटार हाती घेतली आणि रसिकांत भांडणं लागली, तेव्हा हाच बॉइड तिथं व्यवस्थेत होता. म्हणजे विजेच्या गिटारीवरून काय गदारोळ होतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तबकडीवर आहे काय? दोन गाण्यांबद्दल सांगतो, म्हणजे कल्पना येईल.

पहिलं 'मॅटी ग्रोव्ह्ज'. सणाचा दिवस. एका सरदाराची बायको प्रार्थनेच्या ठिकाणी एका तरुणाला पाहते आणि स्वतःच त्याला घरी बोलावते. एक नोकर हे ऐकतो आणि धावत जाऊन धन्याला वर्दी देतो. धनी येतो, तरुणाला तलवार देतो, मारतो. मग बायकोलाही मारतो. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रजी नाटकात या गाण्याचा उल्लेख सापडतो, इतकं ते जुनं. सँडी डेनी ही कथा सांगताना एकदाही रडत नाही, ओरडत नाही. बातमी सांगावी तशी सांगते. खून झाला, कथा संपली, की गिटार आणि फिडल मोकळे सुटतात आणि जे तिनं बोलून दाखवलं नाही ते पुढची काही मिनिटं वाद्यंच बोलतात.

दुसरं 'टॅम लिन'. हे स्कॉटलंडचं. टॅम लिन नावाच्या माणसाला परीराणीनं आपल्या ताब्यात ठेवलंय. त्याचं मूल पोटात असलेली जॅनेट नावाची मुलगी भुताखेतांच्या रात्री वाटेत उभी राहते, घोड्यावरून त्याला खाली ओढते आणि मिठी मारते. परीराणी त्याला नाना भयंकर रूपं देते, पण ही काही हात सोडत नाही. शेवटी तो माणूस होऊन तिच्या पदरात पडतो. वटपौर्णिमेला सावित्रीची कथा ऐकणाऱ्या आपल्या बायांना ही जॅनेट परकी वाटणार नाही. या गाण्याचा ताल मुद्दाम अडखळता ठेवलाय, पायाखालची जमीन हलावी तसा. तो विचार गिटार आणि ड्रम्सचा आहे, शब्द शतकांपूर्वीचे.

यांखेरीज सैन्यातून पळालेल्या शिपायाचं एक गाणं आहे. अशी गाणी एकेका कागदावर छापून इंग्लंडच्या रस्त्यांवर पैशा-दोन पैशांना विकली जात. आपल्या जत्रांत गाण्यांच्या चोपड्या विकल्या जायच्या, तशी. चार नाचाच्या धुनांची एक माळ आहे. आणि दोन गाणी अशी, की त्यांचे शब्द थॉम्पसननं स्वतः लिहिले, पण वळण जुन्या गाण्यांचं ठेवलं. त्यातल्या एकाला चालही जुन्याच गाण्याची. न सांगता ऐकवलं तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळत नाही. परंपरा अंगात मुरली याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

तबकडी इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोचली. गट मात्र ती बाजारात येण्याआधीच फुटला होता. सँडी डेनी निघून गेली, बास गिटार वाजवणारा ॲशली हचिंग्ज निघून गेला. शुद्ध लोकगीतांचे कैवारी नाराज झाले. आणि २००६ साली बीबीसीच्या श्रोत्यांनी याच तबकडीला आजवरचा सर्वांत प्रभावी लोकसंगीत अल्बम म्हणून कौल दिला.

इथपर्यंतची कथा बहुतेक सगळे सांगतात. यात भर असतो गिटारीवर: विजेची वाद्यं आणली म्हणून क्रांती झाली. मला हे पटत नाही. विजेची गिटार १९६९ साली लंडनच्या गल्लीगल्लीत होती. या सहा जणांकडे दुसरं काहीतरी होतं, त्याविषयी बोलायला मी इथं उभा आहे.

त्यांच्याकडे वही होती.

ॲशली हचिंग्ज त्या काळात लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये जाऊन बसायचा. १९३० साली उभी राहिलेली ही लोकगीत-लोकनृत्य संस्थेची वास्तू. तिथलं ग्रंथालय कुणालाही उघडं. तिथं त्याला गाणी मिळाली. ही गाणी तिथं आली कुठून? त्यामागे दोन माणसांची आयुष्यं आहेत.

पहिला फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. बोस्टनमध्ये जहाजांची शिडं शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा, पुढं हार्वर्डला प्राध्यापक झाला. इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीतं त्यानं प्रत्येकाच्या मिळतील तितक्या पाठांसह जमवली. १८८२ ते १८९८ या काळात ती खंडाखंडांनी छापली गेली. शेवटचा भाग निघाला तेव्हा तो हयात नव्हता. 'टॅम लिन' त्यात ३९ व्या क्रमांकावर आहे, 'मॅटी ग्रोव्ह्ज' ८१ व्या. आजही जगभर ही गाणी त्या क्रमांकांनीच ओळखतात. मात्र चाइल्डचा भर शब्दांवर होता. चाली त्याच्या ग्रंथात फार थोड्या.

ती उणीव दुसऱ्यानं भरली. सेसिल शार्प हा संगीतशिक्षक. सप्टेंबर १९०३ मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या हँब्रिज गावी तो एका पाद्री मित्राकडे उतरला होता. बागेत जॉन इंग्लंड नावाचा माळी गवत कापता कापता गात होता. शार्पनं वही काढली, शब्द आणि चाल टिपून घेतली. त्याच संध्याकाळी पियानोच्या साथीनं ते गाणं बैठकीत म्हटलंही गेलं. त्यानंतर शार्प खेडोपाडी फिरत राहिला. त्याच्या संग्रहात सुमारे पाच हजार चाली जमल्या. त्याच हँब्रिजच्या लुई हूपर आणि ल्युसी व्हाइट या घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बहिणींनी त्याला ढिगानं गाणी दिली. त्यानं गाणाऱ्यांची नावं आणि गावं लिहून ठेवली. म्हणून आज मी त्यांची नावं तुमच्यासमोर घेऊ शकतो.

शार्पमध्ये दोषही होते. छापताना तो गाण्यांतला चावटपणा काढून टाकायचा. पण वहीत मूळ शब्द ठेवायचा, आणि वही वाचली.

आता हिशेब बघा. माळी गायला १९०३ साली. अल्बम आला १९६९ साली. मधली सहासष्ट वर्षं ही गाणी कागदावर वाट पाहत होती. ज्या मुलांनी ती उचलली त्यांनी त्या खेड्यांतल्या गाणाऱ्यांना कधी पाहिलंही नव्हतं. वहीशिवाय त्यांच्या गिटारीला वाजवायला काय मिळालं असतं?

मंडळी, आपल्याकडेही वह्या झाल्या. चाइल्डचे खंड निघत होते त्याच काळात, १८९१ साली, मुंबईत हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. हा ॲकवर्थ मुंबईचा महापालिका आयुक्त. त्याच्या नावाचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय वडाळ्याला आहे. गोंधळ्यांच्या तोंडी असलेले पोवाडे तेव्हा कागदावर आले म्हणून अफजलखानवधाचा नि तानाजीचा पोवाडा आपल्याला वाचता येतो. पुढं साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीचे खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट, आणि हजारो ओव्यांचे आवाजही मुद्रित करून ठेवले. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार हा लोकनाट्यप्रकार या विषयांना वाहून घेतलं. हे सगळं मोठं काम आहे. पण बहुतेक छापील संग्रहांत चाइल्डचीच उणीव आहे: शब्द आहेत, चाल नाही. ओवी वाचता येते, म्हणता येत नाही.

आणि झाडीत वाद्यांची कमतरता तर मुळीच नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटक चालतं, त्यात आज ऑक्टोपॅड वाजतो, कीबोर्ड वाजतो. इथल्या नाटकमंडळींनी नव्या वाद्यांना कधी नाक मुरडलं नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती जिवंत रंगभूमीसाठीच. म्हणजे जी गोष्ट करायला लंडनच्या मुलांना धाडस लागलं, ती आपल्याकडे रोजची आहे. त्यांच्याकडे जे आयतं होतं, ते मात्र आपल्याकडे अपुरं आहे.

विणकरांच्या या गावात एक प्रश्न कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा: वीज आली की हात रिकामे होतात हे आम्ही मागावर पाहिलंय, मग गाण्यात वीज कशाला? पॉवरलूमनं हातमागाच्या विणकराला उठवलं, हे खरं आहे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यापासून विदर्भातल्या विणकरांना ते सोसावं लागलं. पण यंत्रमाग माणसाची जागा घेतो. गिटारीला वाजवणारा माणूस लागतोच, वीज फक्त आवाज मोठा करते. गाणारी बाई गिटारीमुळं उठत नाही. तिला कुणी 'आजी, ते गाणं म्हण ना' असं विचारेनासं झालं, की उठते.

आणि हा विणकरांचा प्रश्नही त्या गाण्यांत आहे. 'फेअरपोर्ट' सोडून गेलेल्या हचिंग्जनं 'स्टीलआय स्पॅन' नावाचा गट उभा केला. तो त्यातूनही पुढं बाहेर पडला, पण गट चालत राहिला आणि १९७३ साली त्यानं एक गाणं मुद्रित केलं. त्याचा नायक हातमागावर विणणारा तरुण आहे. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती मुलगी वाफेच्या मागाच्या गिरणीत कामाला लागलीय. तिला भेटायचं तर त्याला आता गिरणीपाशी जावं लागेल. एका धंद्याचं मरण आणि एका माणसाचं प्रेम दोन्ही त्या गाण्यात एकत्र आहेत. ए. एल. लॉइड या अभ्यासकानं कामगारांची अशी गाणी शोधून, पाठ जुळवून लोकांपुढं आणली होती, म्हणून ती त्या गटाला मिळाली.

मी तुम्हाला विचारतो: आंधळगावच्या कोशाच्या मागाचं गाणं कुठं लिहिलंय? कोसा सोडताना, ताणा लावताना बाया काय गुणगुणायच्या? गिरणीत कामाला नागपूरला गेलेल्या माणसाच्या मागं घरातल्या बाईनं काही म्हटलं असेल की नाही? मोहाडीच्या चौंडेश्वरीपुढं म्हटली जाणारी गाणी, गायमुखच्या यात्रेला जाताना म्हटलेली महादेवाची गाणी, बांधीत रोवणी करताना एकीनं उचललेलं नि दुसरीनं झेललेलं गाणं, पोरींची भुलाबाईची गाणी: यांतली किती चालीसकट कुणाजवळ आहेत?

गाणं जपलेलं असलं की पुढं काय घडतं, त्याची दोन उदाहरणं आपल्याच देशातली. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या गटानं २००० सालच्या 'कंदिसा' अल्बममध्ये 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं घेतलं. गटातला राहुल राम नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनात राहिलेला, त्यामुळं ते गाणं त्याच्याकडे आलं. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा तरुण गट गिटार आणि ड्रम्सवर अभंग म्हणतो नि कॉलेजची पोरं त्यावर डोलतात. तुकोबांची वही साडेतीनशे वर्षं जपली गेली, म्हणून हे जमतं. झाडीच्या गाण्यांना असा गट उद्या मिळेल. मिळेल तेव्हा त्याला द्यायला आपल्याजवळ काय असेल?

एक सावधगिरीही सांगतो. 'लीज अँड लीफ'वरच्या जुन्या गाण्यांपुढं 'पारंपरिक' असं छापलंय आणि संगीतरचनेचं श्रेय वाजवणाऱ्यांना आहे. कायद्यानं ते योग्यच. पण परंपरा हवेतून येत नाही, ती कुणाच्या तरी गळ्यातून येते. म्हणून आपल्या वहीत गाणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत हवं, आणि गाणं बाहेर द्यायचं तर तिची परवानगी हवी. गाण्याचे पैसे झाले तर तिचा वाटा हवा. इंग्लंडकडून शिकायचं तर त्यांच्याहून एक पाऊल पुढचं शिकू.

काम अवघड नाही. प्रत्येकाच्या खिशात आवाज मुद्रित करणारं यंत्र आहे.  शाळेतल्या मुलामुलींनी आपल्या आजीपासून सुरुवात करावी. गाणं आधी पूर्ण ऐका, मग मुद्रित करा. वहीत लिहा: नाव, गाव, तारीख, हे गाणं कुणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी म्हणतात. शब्द तिनं उच्चारले तसेच लिहा. झाडीत 'ण' चा 'न' होतो, 'डोळा' चा 'डोरा' होतो. ते पुस्तकी मराठीत 'सुधारू' नका. एखादी ओळ चावट निघाली तर गाळू नका. कडवं विसरली असेल तर जागा मोकळी ठेवा, शेजारच्या गावात ते सापडेल. आणि दोन प्रती करा, एक ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात, एक घरी.

इंग्लंडमधल्या क्रॉप्रेडी या लहानशा खेड्यात दरवर्षी ऑगस्टमध्ये 'फेअरपोर्ट'चा उत्सव भरतो, हजारो माणसं येतात आणि 'मॅटी ग्रोव्ह्ज' गायलं जातं. खेड्यातली मंडई आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त येत्या मंडईला दंडार सुरू होण्याआधी या गावची एक भरलेली वही मंचावर ठेवा आणि ज्यांच्याकडून गाणी घेतली त्या आयाबायांची नावं मोठ्यानं वाचा. कामाला उद्यापासूनच लागा.